पावसात बंद न पडणारा कॅमेरा

...आणि वर मलाच विचारतो, "काका, तुम्हाला नक्की हवंय तरी काय?" चौदाव्या गुरुवारी! अहो, तेरा गुरुवार ज्या माणसानं माझ्यापुढे कॅमेरे मांडले, पुसले, उघडले, पुन्हा खोक्यात भरले, त्यानं चौदाव्या गुरुवारी हे विचारावं? मला काय हवंय हे मला ठाऊक असतं तर मी दुकानात कशाला गेलो असतो हो? घरीच बसलो असतो की! तसा बसतोच म्हणा. गुरुवार सोडला तर घरीच असतो.

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा सरकला. मी पुलांचे फोटो काढतो. हसा, हसा, सगळेच हसतात. लोक लग्नांचे काढतात, तान्ह्या बाळांचे काढतात, मी पुलांचे. पुलाला कितीही सांगा 'जरा हसा', तो हसत नाही, पण ऐन वेळी डोळेही मिटत नाही. जुन्या दगडी पुलाला चीर पडलीय का, पडली असली तर गेल्या वर्षीपेक्षा वाढलीय का, हे इंजिनियर मंडळी माझ्या फोटोवरून ठरवतात. त्याला साधा कॅमेरा चालत नाही, मीडियम फॉर्मॅट लागतो. म्हणजे आतला सेन्सर मोठा, म्हणजे फोटो भिंतीएवढा केला तरी केसाएवढी चीर दिसते. आणि चीर केव्हा दिसते? पाऊस पडून गेल्यावर! दगड वरून सुकतो, चिरेतलं पाणी सुकत नाही, काळी रेघ उठून दिसते. म्हणजे बघा, कॅमेऱ्याला ज्याचं वावडं, माझं काम नेमकं त्यातच!

तर एकदा असाच पुलाखाली उभा, भुरभुर सुरू झाली, आणि कॅमेऱ्यानं मान टाकली. स्क्रीन काळा. बटण दाबतोय, फुंकर मारतोय, शिव्या देतोय... ढिम्म! शेजारी इंजिनियर बाई, हातात मोजपट्टी. "बॅकअप आणलाय ना?" मी छत्री उघडून दाखवली. बाईंना विनोद कळला नाही. "चार महिन्यांनी पुढची पाहणी आहे. दुसरा कॅमेरा घेऊन या, नाहीतर मी दुसरा माणूस घेऊन येते." बाई फटकळ, पण चूक काय बोलल्या? कॅमेरा दुरुस्त होऊन आला, पण एकदा भरवसा गेला की गेला. मग ठरवलं, पावसात बंद न पडणारा एक मीडियम फॉर्मॅट घ्यायचा, नवा-जुना कसाही. आणि चार महिने हाताशी. घाई काय आहे? बॅकअपच तर घ्यायचाय!

दुकान तीन मजली. ह्या मोठ्या कॅमेऱ्यांचा काउंटर सगळ्यात वर, कोपऱ्यात. तिथवर कुत्रं फिरकत नाही. काउंटरमागे एक चष्मेवाला, चाळिशीतला, कॅमेरा असा उचलतो जसं झोपलेलं मूल उचलावं. मी म्हटलं, असं असं हवंय. त्यानं एकही प्रश्न न विचारता एक कॅमेरा पुढे ठेवला. "ह्याच्या प्रत्येक झाकणाला रबर आहे काका, लेन्सलासुद्धा आहे. पाऊस, धूळ, थंडी, ह्याचं काही म्हणजे काही वाकडं होत नाही." आणि खरं सांगतो, शपथेवर सांगतो, तो कॅमेरा अगदी योग्य होता. घेऊनच टाकणार होतो. तेवढ्यात तो म्हणाला, "बसा ना काका, चहा सांगतो. खोकला बराच जुना दिसतोय तुमचा."

आता मला खोकला आहे हे मलाच माहीत नव्हतं हो! म्हणजे खोकत असेन, पण सांगणार कोण? बायकोला जाऊन सहा वर्षं झाली. भिंती काही म्हणत नाहीत, 'अहो, जरा गरम पाणी घ्या.' मी चहा प्यालो. दोन कप. आणि पाकीट काढायचं सोडून माझं तोंड काय बोललं? "वजन जरा जास्त वाटतंय. अजून काही दाखवा. घाई काय आहे? बॅकअपच तर घ्यायचाय!"

झालं! पुढच्या गुरुवारी दुसरा काढला. त्याला रबर होतं, लेन्सला नव्हतं. म्हटलं, हे म्हणजे अंगात रेनकोट आणि डोकं उघडं! तिसऱ्याचं बटण हातमोजा घातला की सापडेना. चौथ्याच्या बॅटरीचं झाकण मला ढिलं वाटलं, त्याला नाही वाटलं, मला वाटलं. पाचव्याचा आवाज आवडला नाही. "काका, पुलाला आवाजाचं काय?" "पुलाला नसेल, मला आहे ना!" सहाव्या वेळी मी कुंड्यांवर पाणी मारायची बाटली घेऊन गेलो आणि फवारला की त्याच्यावर! कॅमेऱ्याला काही झालं नाही, चष्मेवाल्याचा चष्मा भिजला. तो हसला. मीही हसलो. मोठ्यानं हसलो हो, स्वतःचाच आवाज ऐकून दचकलो.

आणि मधूनमधून गप्पा. त्याच्या मुलीला गणित येत नाही, त्याचा गुडघा दुखतो, माझा दुसरा गुडघा दुखतो... बुधवारी संध्याकाळी मी शर्टाला इस्त्री करायला लागलो. कॅमेरा बघायला इस्त्रीचा शर्ट लागतो? नाही लागत. करायचो. आणि शुक्रवारपासून पुढच्या कॅमेऱ्यात काय खोट काढायची ह्याचा अभ्यास! आमच्या ताईचा फोन आला, "अजून निवडतोयसच? अरे, बायको पाच मिनिटांत पसंत केलीस, आणि कॅमेऱ्याला तीन महिने?" म्हटलं, "ताई, तेव्हा बॅकअप नव्हता ना घ्यायचा." तर तिनं एकदम विचारलं, "जेवलास का?" म्हटलं, जेवलो. जेवलो नव्हतो.

तर तो चौदावा गुरुवार. मी जिना चढून वर, इस्त्रीचा शर्ट, हातात बाटली, आणि हा म्हणतो, "काका, तुम्हाला नक्की हवंय तरी काय?" चहा नाही, बसा नाही. मी म्हटलं, काय झालं? तर मागून मालकच आला, पोट आधी, मग तो. "काय झालं मी सांगतो! तीन महिन्यांत ह्या काउंटरवरून लेन्सचं टोपणसुद्धा विकलं गेलेलं नाही! एकच गिऱ्हाईक येतं, ते स्वतः घेत नाही आणि दुसऱ्याला घेऊ देत नाही! गेल्या गुरुवारी तो डोंगरातले फोटो काढणारा पैसे द्यायला निघाला होता, तर हे महाशय म्हणाले, 'बॅटरीचं झाकण बघून घ्या हं!' बंद करतोय मी हा काउंटर. सोमवारपासून हा तळमजल्यावर, मोबाइलची कव्हरं विकेल!"

मोबाइलची कव्हरं! हा माणूस! झोपलेलं मूल उचलावं तसा कॅमेरा उचलणारा हा माणूस मोबाइलची कव्हरं विकणार, आणि कुणामुळे? माझ्यामुळे! एक कप चहा आणि चार शब्दांसाठी मी त्याच्या पोटावर पाय दिला हो! लाज वाटली. कानशिलं तापली. आणि त्यातही आपमतलबी मन बघा, आत हिशेब करतंय... घेतला तर उद्यापासून यायला कारण नाही, नाही घेतला तर हा इथे नाही. इकडे आड, तिकडे विहीर!

"द्या!" मी ओरडलो. "तो पहिला द्या! पहिल्या गुरुवारचा!" आणि आता गंमत ऐका. हा प्रामाणिक मूर्ख काय म्हणतो? "पण काका, त्याचं वजन जास्त आहे म्हणाला होतात." "कोण म्हणालं?" "तुम्ही. शिवाय पट्टा खांद्याला काचतो म्हणालात, हिरवट दिसतो म्हणालात..." एकेक पाठ त्याला! मी म्हटलं, "असं म्हणणारा गाढव असेल, बांधा तुम्ही!" तर माझ्या हातावर हात ठेवून म्हणतो, "भीड म्हणून घेऊ नका काका. घाई काय आहे? बॅकअपच तर घ्यायचाय!"

पण घेतला. चार मिनिटांत बांधून दिला. तीन महिन्यांचं काम, चार मिनिटांत! बिलाचा आकडा बघून मालकाचा राग उतरला, काउंटर वाचला. चष्मेवाला दारापर्यंत सोडायला आला, म्हणाला, "सुटलात काका एकदाचे!" सुटलो!

पुढच्या गुरुवारी शर्टाला इस्त्री झालेलीच होती, म्हटलं, नुसतं भेटून येऊ, त्यात काय! गेलो. काउंटरवर दोन गिऱ्हाइकं. मला बघून तोंडभर हसला, "काका! कॅमेरा बरा आहे ना? काही तक्रार?" "छे छे, तक्रार काही नाही." "मग झालं तर!" आणि वळला गिऱ्हाइकाकडे. त्याचं काय चुकलं? काही नाही. तक्रार नसलेल्या माणसाला दुकानात काय काम? उतरलो तीन मजले.

मग घरी वॉरंटीचा कागद वाचला. तीन वर्षं! बिघडला तर त्याच काउंटरवर न्यायचा, असं छापलंय. डोळे चमकले माझे. काल दुपारी धो धो पाऊस, मी गच्चीवर, कॅमेरा हातात, छत्री नाही. दोन तास! टिपून बघतोय, थांबतोय, पुन्हा टिपतोय. त्या मेल्याला काही होईल तर शपथ! एकेक थेंब मोजून घ्यावा असे लख्ख फोटो!

मला मात्र झालं. आज ताप एकशे दोन. डॉक्टर विचारतात, "ह्या वयात एवढ्या पावसात कशाला उभं राहायचं?" म्हटलं, "कॅमेरा बंद पडतो का बघत होतो." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे नीट पाहिलं, नाडी धरली, चांगली मिनिटभर धरली. बरं वाटलं हो. मग म्हणाले, "सात दिवसांच्या गोळ्या एकदमच लिहून देतो, म्हणजे पुन्हा यायला नको."

म्हटलं, "डॉक्टर, घाई काय आहे? दोन-दोन दिवसांच्या द्या ना!"