दगडातलं बोंड

तुमी हसान, पण माह्या जिवाची अजून तगमग होते. अकोल्याच्या शेठनं मले देवळाच्या खांबावर कमळ कोरायले सांगतलं. कापसाले सोन्याचा भाव आला होता, चौफेर कापूसच कापूस; म्या फुटलेलं बोंड कोरायले घेतलं.

शेठ भडकला, "कमळ सोडून हे कावून? तासून टाक!"

म्या छिन्नी उचलली, तेवढ्यात पहिल्या वेचणीले निघालेल्या बाया देवळात आल्या. वावरात कपाशीले पूजतात तसंच त्यायनं माह्या बोंडाले कुंकू लावलं, दहीभात वाह्यला.

शेठनं पटकन हात जोडले. मले म्हणे, "आता याले छिन्नी लावशीन तं याद राख!"

अरे, पण त्या बोंडाची एक पाकळी कोरायची अर्धीच राह्यली ना बाप्पा!