महमूद टेलर, दुसरा मजला

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या व्यापारी संस्थेचे चेअरमन माननीय सूर्यभानआण्णा, व्यासपीठावरील सरपंच महोदय व संचालक मंडळ, सत्कारमूर्ती महमूदभाई, त्यांच्या पत्नी हमिदाभाभी, आणि आपापल्या मोटरसायकली बाहेर उन्हात लावून या पार्किंगमध्ये खुर्च्या मांडू देणाऱ्या सर्व दुकानदार बंधू-भगिनींनो,

मागे उभे आहेत त्यांनी बसून घ्यावे. पुढच्या दोन रांगा रिकाम्या आहेत.

अध्यक्षांनी मला दहा मिनिटे दिली आहेत, मी त्याआधीच संपवीन. माझ्या आधीच्या तीन वक्त्यांनी महमूदभाईंच्या गोड स्वभावाबद्दल सांगितले. स्वभाव गोड आहेच. पण त्यांनी दुकान का बंद केले, हे एकानेही सांगितले नाही. संस्थेची सेक्रेटरी म्हणून ते मला सांगावे लागेल.

राजूरचे आपले जुने शॉपिंग सेंटर १९८३ साली उभे राहिले. चोवीस गाळे, पुढे पत्र्याचा व्हरांडा, एकच मजला. मी नगरच्या कॉलेजातून बी. ए. होऊन, लग्न करून इथे आले होते. घरात बसून काय करायचे म्हणून वह्या-पुस्तकांचा गाळा घेतला. माझ्या डाव्या हाताला महमूदभाई, उजव्या हाताला सूर्यभानआण्णा. आण्णा तेव्हा सायकली भाड्याने देत. आण्णा, हसू नका, सायकल पाच मिनिटे उशिरा आली तर तुम्ही पोरांचे पायताण ठेवून घेत होता. समोर जालिंदरचे कॅसेटचे दुकान. त्याच गाळ्यात पुढे एसटीडी बूथ आला, मग सीडी, मग मोबाईलची कव्हरे. सायकली गेल्या तशा आण्णांनी नळ आणि फरश्या आणल्या. पाठ्यपुस्तके शाळेतच फुकट मिळू लागली तेव्हा मी झेरॉक्सचे मशीन घेतले. आम्ही सगळे बदललो. महमूदभाईंना बदलावे लागले नाही, कारण त्यांचे गिऱ्हाईक बदलले नव्हते.

बाजाराच्या दिवशी डोंगरातल्या गावांहून बाया सकाळच्या एसटीने उतरत. आधी महमूदभाईंकडे कापड टाकायचे, मग बाजार करायचा, आणि शेवटच्या गाडीला शिवलेला ब्लाउज घेऊन बसायचे. भाई कापत आणि शिवत, भाभी हुक लावत आणि हातशिलाई करत. एका दिवसात पंचवीस ब्लाउज. ड्रायव्हर हॉर्न देऊन विचारी, "महमूद, झालं का रं? गाडी भरली." भाभी दोरा दाताने तोडत गाडीकडे धावत आणि खिडकीतून पुडके आत टाकत. इतक्या वर्षांत ब्लाउजवाचून एकही बाई परत गेल्याचे मला आठवत नाही.

काही जण म्हणतात, रेडिमेडने त्यांचा धंदा खाल्ला. हे खोटे आहे. ऐकायला सोयीचे आहे, एवढेच.

जुनी इमारत गळू लागली. ती पाडून नवी बांधायची ठरली. खर्च भागावा म्हणून पहिला मजला क्लासवाल्यांना आणि विम्याच्या ऑफिसला भाड्याने द्यायचा, तळमजल्यावर पंधरा गाळे, दुसऱ्या मजल्यावर नऊ. कोणाला कुठला, यावर सभा झाली. आण्णांचे म्हणणे, जुन्या क्रमाने द्या. काहींचे म्हणणे, बोली लावा. मी उभी राहिले आणि म्हणाले, चिठ्ठ्या टाका. ज्याच्याकडे पैसा त्याला तळमजला, हे मला चालणार नव्हते. पाच वर्षे अदलाबदल नाही, हा ठरावही मीच लिहिला, नाहीतर लोक तळमजला विकून मोकळे झाले असते. जुन्या क्रमाने महमूदभाई तिसरे होते, त्यांचा तळमजला पक्का होता. तरी ते उठून म्हणाले, "बाई म्हनतात ते बरोबर हाय. चिठ्ठी कुनाचं तोंड बघत न्हाई." टाळ्या पडल्या. ठराव एकमताने मंजूर झाला.

कोणाचे गिऱ्हाईक जिना चढू शकते, हा साधा प्रश्न चोवीस जणांपैकी एकाच्याही डोक्यात आला का? माझ्याही आला नाही.

मला तळमजला आला. भाईंना दुसरा मजला. शेहेचाळीस पायऱ्या. लिफ्टसाठी खड्डा सोडलेला आहे, लिफ्ट अजून आलेली नाही.

पहिल्याच बाजारी छबूबाई जिन्यापाशी आल्या. लग्न झाल्यापासून त्यांनी दुसऱ्या कोणाकडे ब्लाउज शिवलेला नाही. डोक्यावर पाटी, हातात कापड. वर बघून म्हणाल्या, "ये महमूद, तिथं कबुतरं पाळलीत का? खाली ये, माप घे. माझे गुडघे तुला म्हाईत न्हाईत व्हय?"

भाई कठड्यावरून वाकले. "आलो मावशी. माप पाठ हाय तुमचं. औंदा किती खाल्लं, तेवढं बघतो."

त्यानंतर दर बाजारी भाई मशीन खाली आणून जिन्याखाली बसू लागले. सहा बाजार ते तसे बसले. कापड पुन्हा पडू लागले, गाडी पुन्हा हॉर्न देऊ लागली. मग माझ्याकडे तीन लेखी तक्रारी आल्या, की जाण्यायेण्याची वाट अडते. तक्रारदार इथेच बसले आहेत, नावे घेत नाही. सामाईक वाटेत धंदा करू नये, असा आपला नियम आहे. आदल्याच महिन्यात त्याच नियमाखाली मी आण्णांच्या फरश्या वाटेतून उचलायला लावल्या होत्या. चेअरमनला नोटीस दिल्यावर टेलरला कशी सोडणार?

मी नोटिशीवर सही केली.

त्याच संध्याकाळी त्यांनी मशीन वर नेले. एका बाजूला भाई, एका बाजूला भाभी. मी शटर ओढत होते. भाभी एवढेच म्हणाल्या, "बाई, जरा सरका, तुमच्या पायाला लागंल."

भाई, मान हलवू नका, मला बोलू द्या.

वार्षिक सभेत मी एका गाळ्यापुरता अपवाद करण्याचा ठराव आणला. वरचे आठ जण म्हणाले, मग आम्हालाही द्या. खालचे म्हणाले, मग कोणालाच नको. दोन्ही म्हणणी बरोबर होती. 'ठराव नामंजूर' असे मी माझ्याच हाताने इतिवृत्तात लिहिले. मग मी भाईंना म्हटले, ठराव राहू द्या, तुम्ही माझ्या गाळ्यात बसा, मी वर जाते, झेरॉक्ससाठी कॉलेजची मुले चढतात. ते म्हणाले, "बाई, तुमी नियम मोडला तर उद्या बाकीचे आठ जन तुमच्या दारात. मग तुमचं ऐकंल कोन?"  

मागच्या महिन्यात त्यांनी मशीन विकले. घरी शिवा, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. घर वस्तीवर आहे, तिथे एसटी थांबत नाही. सकाळी कापड टाकून संध्याकाळी ब्लाउज न्यायला तिथे कोण जाईल?

आता मानपत्र. ते वाचण्याचे काम माझ्याकडे आहे. मजकूर संचालक मंडळाने केला, मी तो छापून फ्रेम होऊन आल्यावर पाहिला. चौथ्या ओळीत लिहिले आहे, "महमूदभाई स्वेच्छेने व्यवसायातून निवृत्त होत आहेत." तो एक शब्द मी वाचणार नाही. काचेच्या आत तो राहील, भाईंच्या भिंतीवर लागेल, त्याला माझा इलाज नाही. पण माझ्या तोंडून तो सभेने ऐकला, असे होणार नाही.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलेत, अध्यक्षांनी मध्ये घंटी वाजवली नाही, याबद्दल मी आभारी आहे. बोलताना कोणाला लागले असेल, एखादा तपशील चुकला असेल, तर सभेने तो पोटात घालावा. नोटिशीबद्दलची क्षमा मात्र सभेकडे मागायची नाही. ती मागायला मी दोनदा शेहेचाळीस पायऱ्या चढून गेले, आणि दोन्ही वेळा भाभींच्या हातचा चहा पिऊन तशीच खाली आले. तिसऱ्यांदा जायला आता वर कोणी नाही.