मुका मार

नोएडाच्या मेट्रोत माझ्या शेजारी एक मावशी आणि तिचा भाचा हेरंब.

"आमच्या गेमला स्क्रीन नसते, मावशी. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाचा एक योद्धा, लढाईत कोणाला कसं लागलं ते मी सांगायचं. दर वेळी रक्तच सांगतो. सगळे बोअर होतात यार."

"आता कोणाला लागलंय?"

"सलोनीच्या योद्ध्याला. बरगडीवर गदा बसलीये."

"मग सांग, मुका मार बसलाय."

"मुका? म्हणजे पप्पी? गदेने?"

"गाढवा! मुका मार. बाहेर काही दिसत नाही, आत ठणकत राहतं. कूस बदलली की कळ येते."

"अच्छा! मग बाकीच्यांना कळणार कसं?"

"कोणी विचारलं तर."

"आणि नाही विचारलं तर?"

"तर काय, सकाळी उठून पोळ्या लाटायच्या."

"मावशी, योद्धा कशाला पोळ्या लाटेल?"

"हो रे. तुझा नाही लाटणार."