एका दाराची एक ओळ

भामा : दुकानदारानं माझं रेशन कार्ड ठेवून घेतलं, भाऊजी. म्हणाला, पासष्ट सालच्या नव्या यादीत तुमचं कुटुंबच नाही. यादी तुमच्याच हातची ना?

सांबशिव : हात माझा, हुकूम वरचा. एका दारात दोन-दोन कुटुंबांच्या ओळी दिसल्या की एकत्र करा म्हणाले. राजवाड्यामागच्या गल्ल्यांतून तीनशे ओळी कमी केल्या मी. स्वतःचंच घर वगळलं असतं तर तंजावुरात तोंड दाखवायला जागा उरली असती का?

भामा : चूल वेगळी तर कार्ड वेगळं, असं त्या कार्डावर छापलंय. तमिळ मला वाचता येतं.

सांबशिव : छापलेलं असतं गं. तुझी ओळ आमच्या ओळीत घातली, एवढंच. तुझ्या वाट्याचा पुळुंगल, उकडा तांदूळ कमलाक्षी दर शनिवारी मापून देईल.

भामा : म्हणजे दर शनिवारी जाऊबाईंपुढे डबा धरून उभी राहू. नऊ वर्षांत चिमूटभर मीठ मागितलं नाही मी तुमच्याकडे.

सांबशिव : मागायचं होतंस. नको कोण म्हणालं?

भामा : तुमच्या भावाला क्षय झाला तेव्हा मागच्या पडवीत माझी चूल कुणी मांडली? विटा तुम्हीच आणल्यात. थोडे दिवस, म्हणालात. तुमचे भाऊ जाऊनसुद्धा सात वर्षं झाली. माझी घागर अजून वेगळी, पाणी प्यायचा टंबळर वेगळा.

सांबशिव : मुलं लहान होती. भीती वाटायची.

भामा : मुलं मोठी झाली. मला काही नाही म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलं, तो कागद तुम्हीच वाचून दाखवलात.

सांबशिव : मग झालं तर. एवढी वर्षं तुटलेलं आता जुळलं म्हण. एक घर, एक ओळ.

भामा : बरं. पाणी घ्या. आत्ताच भरलंय.

(सांबशिव तिच्या हातातल्या टंबळरकडे पाहतो. खांद्यावरचं उपरणं सारखं करतो.)

सांबशिव : नको. आत्ताच कॉफी झाली.

भामा : ओळीत मला कुठे घातलंत?

सांबशिव : शेवटी. मुलांच्या खाली.

भामा : आणि नात्याच्या रकान्यात? भावजय?

सांबशिव : भावजय लिहिलं की साहेब विचारणार, तिची चूल कधी मोडली, तिची सही कुठाय. नसती चौकशी मागे लागते. घरात जेवणारी कामाची माणसं असली, तर तीही ओळीत धरतात.

भामा : काय लिहिलंत, भाऊजी?

सांबशिव : स्वयंपाकीण. कागदापुरतं गं. कोण वाचतंय ते.

भामा : सोळाव्या वर्षी सून म्हणून आले मी या घरात. नवरा गेला तेव्हाही मला इतकं लागलं नव्हतं.

सांबशिव : पुढच्या यादीत सुधारून घेऊ.

भामा : नको. लिहिलंत तसंच होऊ दे. उद्या पहाटे अंघोळ करून तुमच्या स्वयंपाकघरात येते. जाऊबाईंना म्हणावं, आता बसा निवांत.

सांबशिव : असं काय करतेस, भामा. उद्या आमच्या राजमला बघायला मुलाकडची माणसं यायची आहेत.

भामा : ती धरून किती होतील? तेवढ्या अंदाजानं भात टाकते.