आधी मायले खरारा

गुढियारीच्या दवाखान्यात टीक्याच्या, म्हंजे लसीच्या, लाइनीत रुचिता आपल्या चार वर्षांच्या पोट्टीले छातीशी दाबून बसली होती. सुईच्या भेवानं पोट्टी रडून राहिली होती, अन् रुचिता सोताच आतल्या दर हाकेले दचकत होती. शेजारी वरातीच्या घोडीवाले गुलाबराव फुटलेला गुडघा धरून होते, अन् त्यांचा दोस्त दिवाकर.

"शिंगरानं लाथ हाणली? पंधरा दिवसाच्या?" दिवाकरनं विचारलं.

"हव ना, भैया."

"तुमी काय केलं त्याले?"

"लाड करून राहिलो होतो. मानेले दोर टाकून."

"वा! दोर टाकून लाड!"

"मंग काय करू? हात लावू देत नाई ना ते. असंच राह्यलं तं वरातीत कसं उभं राहीन?"

"त्याच्याकडं पाहूच नका. रोज घोडीले खरारा करा, तिची मान खाजवा. ती डोये मिटून उभी राह्यली का शिंगरू सोताहून तुमचा सदरा हुंगाले येते."

"अन् घोडीच बिचकली तं?"

"तं तेही बिचकते. ते तुमाले नाई पाहत, गुलाबराव. मायले पाहून राह्यते."

"बच्ची को लाइए, दीदी," आतून सिस्टरनं हाक मारली.

रुचिता उठली. स्टुलावर बसून तिनं आपलाच हात पुढं केला.

"पहले मेरा बीपी देख लो ना, सिस्टर."

"आपका काहे को?"

"देख लो ना."

पट्टा फुगला. रुचिता सिस्टरशी हसून बोलत राहिली. पोट्टीनं ओढणीतून तोंड बाहेर काढलं, पट्ट्याकडं पाह्यलं, मायकडं पाह्यलं.

"मेरेको भी बांधो," ती म्हणाली.