सहभागाचे चाळीस गुण

सर: पुन्हा एकदा बघा, बाई. ही मुलगी सबंध सत्रात एकदाच बोलली?

बाई: एकदाच. चौदा आठवडे, अठ्ठावीस वर्ग, आणि चौतीस नंबरच्या खुर्चीवरून एक वाक्य. मी मागच्या कोपऱ्यात बसून हेच तर करते, सर. कोण बोललं, किती वेळा बोललं, काय बोललं. दुसरं काम तुम्ही मला दिलेलंच नाही.

सर: तसं नाही हो. तुमच्यावर कुठे शंका घेतोय मी? कोर्टात तीस वर्षं लघुलेखन केलेल्या बाईंची नोंद चुकेल कशी? म्हणून तर निवृत्तीनंतर तुम्हाला आग्रहाने इथे आणलं.

बाई: आणलंत खरं. तिथे निदान खोटं बोलायच्या आधी माणसाला शपथ तरी घ्यावी लागायची.

सर: हं. तर मग प्रश्न मिटला. पन्नासाचा वर्ग, दहा टक्के तळगटात टाकायचेच. म्हणजे पाच. चार ठरलेत, पाचवी ही. तिने पुढच्या वर्षी विषय पुन्हा घ्यावा. व्यवस्थापनाची पदवी हवी आणि तोंड उघडायला नको, हे कसं चालेल?

बाई: ते चार कोण, तेही सांगा की. दोघं पहिल्याच महिन्यात कोर्स सोडून गेले. एक पाय मोडून दवाखान्यात पडला होता. आणि चौथा वर्गात झोपायचा. त्याला मी नावं ठेवणार नाही, तीच त्यातल्या त्यात शहाणपणाची गोष्ट होती.

सर: बाई, नियम म्हणजे नियम. कुणीतरी तळाला असल्याशिवाय वरच्यांना आपण वर आहोत हे कळणार कसं?

बाई: आणि पन्नासच्या पन्नास हुशार निघाले तर?

सर: तरी पाच तळात.

बाई: पन्नासच्या पन्नास ठोंबे निघाले तर?

सर: तरी पाच सर्वोत्तम. शास्त्रीय पद्धत आहे ती.

बाई: या वर्षी तसंच झालंय म्हणून विचारलं.

सर: तुमचा या मुलांवर इतका राग का, मला कळत नाही. चांगली चुणचुणीत मुलं आहेत. तो अकरा नंबरचा घ्या. एकसष्ट वेळा बोललाय!

बाई: तो ‘पुढे नेऊ’? प्रत्येक वेळी ‘याच मुद्द्याला पुढे नेत’ म्हणून उठतो आणि आधीच्याचंच वाक्य उलटं करून सांगतो. एकसष्ट वेळा उठला, पण मुद्दा काही जागचा हलला नाही. दर वेळी तुम्ही मात्र दोन बोटं दाखवलीत.

सर: भर घालणारा मुद्दा असेल. भर घातली की दोन गुण.

बाई: फळ्याकडे वळता, हात पाठीमागे बांधता आणि मला बोटांनी खुणावता. एक बोट, नुसताच बोलला. दोन बोटं, भर घातली. तीन बोटं, चर्चेला दिशा दिली. मूठ म्हणजे शून्य. तुम्हाला वाटतं ती खूण फक्त मलाच दिसते. सर, तुम्ही फळ्याकडे वळलात की पहिली रांग फळ्याकडे नाही, बोटांकडे बघत असते. ‘ग्राहक’ म्हटलं की दोन बोटं. ‘दूरदृष्टी’ म्हटलं की तीन. ‘दिवाळखोर’ म्हटलं की मूठ. तिसऱ्या आठवड्यापासून सगळा वर्ग तुमच्या बोटांवर नाचतोय, आणि तुम्ही म्हणता काय चर्चा रंगली!

सर: तुम्ही हे मला आधी का नाही सांगितलं?

बाई: मला बोलायचे गुण नाहीत.

सर: बरं, ते राहू द्या. पाच वाजता निकाल संचालकांकडे जायचाय. तळगटातल्या पाच जणांच्या नोंदी जोडल्यात ना?

बाई: जोडल्यात. चौघांची पानं कोरी आहेत. हिच्या पानावर एक वाक्य आहे.

सर: वाचा बघू.

बाई: वाचते. ‘अभ्यासाला दिलेली केस: छत्र्यांचा कारखाना. चर्चेचा विषय: तोट्यातला कारखाना बंद करावा की चालू ठेवावा. वर्ग सुरू होऊन चव्वेचाळीस मिनिटं. चौतीस नंबर: सर, पान नऊवर खाली लिहिलंय की हा कारखाना गेल्या वर्षीच बंद झालाय. सर: छान. पुढे. मूठ.’

सर: काय?

बाई: छान. पुढे. मूठ.

सर: ते नाही. पान नऊवर काय लिहिलंय?

बाई: आता विचारताय? त्यानंतर छत्तीस मिनिटं गुऱ्हाळ चाललं होतं. मग मतदान झालं. बंद करावा, एकतीस. चालू ठेवावा, चौदा. चालू ठेवणाऱ्यांनी तर पाच वर्षांचा आराखडाही मांडला. बाणांसकट. तुम्ही टाळ्या वाजवल्यात, तेही लिहिलंय.

सर: अहो, ती नवी आवृत्ती असणार. कंपनीने पाठवली, ऑफिसने झेरॉक्स काढून वाटली. मी ही केस अकरा वर्षं शिकवतोय. मला पाठ आहे ती!

बाई: पाठ होती, म्हणून उघडली नाहीत. मुलांना पाठ नव्हती, त्यांनीही उघडली नाही. पंचेचाळीस जण आणि एक प्राध्यापक मिळून एका बंद कारखान्याची काळजी वाहत होते. मी हसू दाबताना पेन्सिल मोडली.

सर: आणि हे पान संचालकांकडे जाणार?

बाई: तुमचाच नियम आहे. ज्याला खाली ढकलायचं त्याची नोंद वर पाठवायची.

सर: बाई, जरा… नीटनेटकं करता येईल का हो? म्हणजे खोटं नाही. ‘चौतीस नंबर: छापील मजकुराविषयी शंका विचारली.’ एवढंच.

बाई: कोर्टात एक न्यायाधीश होते. दुपारी त्यांना डुलकी लागायची. मला म्हणाले, बाई, मी घोरलो ते काढून टाका. मी म्हटलं, घोरणं मी लिहीत नाही, साहेब. पण जागे झाल्यावर तुम्ही साक्षीदाराला नऊ वेळा ‘काय म्हणालात?’ विचारलंत, ते राहील.

सर: म्हणजे नाही करणार.

बाई: नाही.

सर: ठीक आहे. मग आपण तिला तळगटातून बाहेरच काढू. वर्षाला एक विशेष बाब म्हणून सूट देता येते, तिच्या जागी दुसरा कुणी टाकावा लागत नाही. मग तिचं पान वर जायला नको. कारणाच्या रकान्यात कारण, माझी सही, तिची सही, संपलं.

बाई: काय कारण लिहिणार?

सर: तुम्ही सुचवा.

बाई: ‘केस वाचून आली होती.’

सर: असं कसं लिहिणार? म्हणजे बाकीचे वाचून येत नाहीत असा अर्थ निघेल.

बाई: तसाच निघावा म्हणून सांगितलं.

सर: ते मी बघतो. ती बाहेर थांबली आहे ना? बोलवा तिला.

(चौतीस नंबर दार ढकलून आत येते. खांद्याला पिशवी, हातात अर्धवट खाल्लेलं सफरचंद. ते कुठे ठेवावं हे न कळल्यामुळे बिचारी ते शेवटपर्यंत हातातच धरून उभी राहते. सर तोवर रकाना भरून मोकळे झालेले असतात.)

सर: ये, ये. बस. हे बघ, तुझं नाव तळगटात आलं होतं. पण मी विचार केला, हुशार मुलगी आहे, वर्ष वाया कशाला घालवायचं? नोकरी लागली आहे ना तुला?

मुलगी: औषधांच्या गोदामात, सर. एक तारखेला हजर व्हायचंय. पास झाल्याचा कागद मागितलाय त्यांनी.

सर: मग झालं तर! इथे सही कर. विशेष बाब म्हणून पास. सहभागाचे चाळीसपैकी सोळा देतोय. आभार नको मानूस.

मुलगी: नाही मानत. वाचू का?

सर: वाचायचं काय त्यात? औपचारिकता आहे.

बाई: वाचू द्या, सर. तिला ती सवय आहे.

मुलगी: ‘सदर विद्यार्थिनी स्वभावाने अत्यंत लाजाळू व भिडस्त असल्याने चर्चेत भाग घेऊ शकली नाही. सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात यावा.’ हे माझ्याबद्दल आहे?

सर: सौम्य शब्दांत लिहिलंय. तुझ्या भल्यासाठीच.

मुलगी: मी लाजाळू नाहीये, सर.

सर: अगं, अठ्ठावीस वर्गांत एक वाक्य!

मुलगी: घरी आई म्हणते, तुझ्या तोंडाला जरा कुलूप घाल. इथे मला कंटाळा यायचा. पहिल्या आठवड्यात दोनदा हात वर केला, तुम्ही अकरा नंबरला उठवलंत. मग ठरवलं, बोलण्यासारखं असेल तेव्हाच बोलायचं. एकदाच तसं झालं. तेव्हा तुम्ही ‘छान, पुढे’ म्हणालात. मग म्हटलं, जाऊ दे, तोंडाची वाफ कशाला दवडा.

सर: हे बघ, मुद्दे उगाळत बसायला वेळ नाही. पाच वाजता निकाल जातोय. शब्दावर अडून बसू नकोस. कोण वाचणार आहे तो रकाना?

मुलगी: मी वाचलाय की.

सर: सही केली नाहीस तर विषय परत घ्यावा लागेल. पुढचं सबंध वर्ष. नोकरी जाईल. समजतंय का तुला?

बाई: पोरी, नीट विचार कर. नोकरी काही रोज मिळत नाही.

मुलगी: माहीत आहे, बाई. मुलाखतीला चार ठिकाणी फिरले तेव्हा कुठे ही मिळाली. आईला अजून नक्की सांगितलंसुद्धा नाही. पण भित्री म्हणून पास झाले, असं कायमचं लिहून नको मला. हा शेरा निकालाच्या कागदावर राहणार, आणि गोदामातले लोक कागद वाचतात. मला तिथे आलेला माल मोजून, कमी भरला तर नाकारायचाय. लाजाळू बाईच्या सहीला कोण विचारणार?

सर: म्हणजे नापास व्हायचंय तुला?

मुलगी: व्हायचं नाहीये. पण करणार असाल तर करा. परत बसते, सर. पुन्हा तुमच्याच वर्गात. पहिल्या रांगेत, अगदी मधे.

सर: बरं, मग?

मुलगी: आणि या वेळी बोलेन. प्रत्येक केस आदल्या दिवशी वाचून येईन, आणि रोज बोलेन.

बाई: पाचला दहा मिनिटं आहेत, सर.

सर: …आण तो कागद इकडे. आणि बाई, मघाशी काय लिहायला सांगत होतात?