विषय क्रमांक अकरा

(वसंतराव इंगोले, निवृत्त हेडक्लार्क, यांनी अकोल्यात मुलीच्या घरी बसून सांगितलं. सांगितलं तसं लिहून घेतलं.)

माहा जनम चांदूर बाजारच्या बाजूच्या एका खेड्यातला. वडील शाळेत मास्तर, अक्षर असं का गावातल्या लग्नाच्या पत्रिकेचा मजकूर छापखान्यात जाच्या आधी त्याईच्याच हातचा लागे, आन कोनाले अर्ज कराचा असला का तो आमच्याच ओट्यावर. मले त्याईनं शेत नाई दिलं, घर नाई दिलं, अक्षर दिलं. त्याच अक्षरावर मी अमरावतीले जिल्ह्याच्या मध्यवर्ती बँकेत लागलो. कोनत्या बँकेत ते लिहू नका. आता सारे नवीन लोक हायेत तिथं, त्याईले कायले तरास.

दोन वर्षं मी धारणीच्या शाखेत काढले, नवीन मानसाले तिकडंच फेकत, मंग एका मॅनेजर साहेबानं माहं अक्षर पायलं आन मले हेड आफिसले आनून बोर्ड सेक्शनमधी बसवलं. बोर्ड सेक्शन मंजे काय, तर संचालक मंडळाची मीटिंग असली का विषयपत्रिका काढाची, नोटिसा धाडाच्या, आन झालेले ठराव प्रोसिडिंग बुकात हातानं लिहाचे. त्या बुकाचे पानं नंबर टाकलेले असतात, पान फाडता येत नाई, खोडता येत नाई, खाली अध्यक्षाची सही. हेच काम मी एकोनतीस वर्षं केलं.

काय सांगू तुमाले, लोकाईले वाटते का बोर्ड मंजे मोठमोठ्या गोष्टी चालत असतीन. तसं काई नसते बाप्पा. विषय क्रमांक एक, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करनं. विषय दोन, कोन्या शाखाधिकाऱ्याची रजा. तीन, नांदगाव पेठची शाखा माडीवरून खाली आनाची, कापडाच्या कारखान्यातल्या बायाईले जिना चढाचा तरास होते. चार, मीटिंग हालचे पडदे. पडद्यावर एकदा पाऊन घंटा चर्चा झाली होती, एकाले निळे पाहिजे, एकाले बदामी, शेवटी अध्यक्ष म्हने पडदे नकोच, खिडक्या बंद ठेवा. आन त्याच मीटिंगमधी सोळा जनाच्या बदल्या झाल्या, त्या एका मिनिटात झाल्या. त्या सोळा जनाईच्या घरी काय झालं असन ते आपल्याले मालूम नाई, आपन लिहिलं, सर्वानुमते मंजूर.

आता एक गोष्ट सांगतो, ते सांगितल्याशिवाय पुढचं समजनार नाई. ठराव झाला का त्याच्याखाली दोन नावं लागतात, सूचक आन अनुमोदक. एकानं मांडलं, दुसऱ्यानं दुजोरा देला. खरं पाह्याले गेलं तर कोनी मांडत नाई न् कोनी दुजोरा देत नाई, अध्यक्ष वाचतात, बाकीचे मान हालवतात. पन नावं तर लिहाच लागतात, आन एकाचंच नाव दोनदा आलं का दुसरा डायरेक्टर रुसते, माहं नाव काहून नाई म्हनते. म्हनून मी पाळी लावली होती. एकवीस डायरेक्टर, पुठ्ठ्यावर एकवीस नावं, मागच्या टायमाले जिथं थांबलो तिथून पुढं. आन मी काय करो, मीटिंगच्या आदल्या दिवशीच सारं प्रोसिडिंग फेअर लिहून ठेवो, सूचक-अनुमोदकासकट. होनार काय ते तर ठरलेलंच राहे. मीटिंग झाली का अध्यक्ष उभ्या उभ्या सही करत आन गाडीत बसत. माह्या आधीचा हेडक्लार्क असंच करे, त्यानं मले तसंच शिकवलं. सारे म्हनत, इंगोलेचं काम कसं, मीटिंग संपाच्या आधी प्रोसिडिंग तयार.

आता कमलबाई. कमलबाई आमच्याकडं झाडाले आन चहा-पान्याले होती, रोजंदारीवर, अठरा वर्षं. मस्टरवर तिचं नाव नव्हतं. आमी सारे सकाळी येऊन मस्टरवर सही करो, आन तिचा अंगठा एका सुट्या कागदावर, तो कागद महिना संपला का फायलीत जाये. एक दिवस मले म्हने भाऊ, मले सही शिकवा, उद्या कायम झाली तर मस्टरवर अंगठा लावन का मी? मी शिकवली. वापरलेल्या नोटिसाच्या पाठीमागं गिरवे ते, दुपारी, डबा खाल्ला का.

तिले कायम कराचा विषय मी दर वेळी पत्रिकेत टाको. पन तो विषय खालचा, अकरावा नाईतर बारावा, आन आमच्या बोर्डाची रीत अशी का दहाव्या विषयाले चहा ये, आन चहा झाला का अर्धे डायरेक्टर उठत, कोनाले मोर्शी गाठाची, कोनाले दर्यापूर. मंग अध्यक्ष म्हनत, राहिलेले विषय पुढच्या सभेत. आता पाहा, चहा आननारी कोन, तर कमलबाईच. आपल्याच हातानं चहा आने आन आपलाच विषय बुडवे. हे मले उमजाले चार वर्षं लागले, इतका हुशार मी.

मंग एका मीटिंगच्या दिवशी मी तिले सांगितलं, कमलबाई, आज मी दारातून मान हालवत नाई तोवर चहा आनू नको, डायरेक्टर किती का वरडेनात. आन तिनं नाई आनला. दहावा विषय झाला, अध्यक्ष दाराकडं पाहून रायले, चहा नाई, मंग काय करतीन, अकरावा विषय वाचला, साऱ्याईनं मान हालवली, मंजूर. अर्धं मिनिट. मी दारातून मान हालवली आन ते ट्रे घेऊन आली. मले इतका आनंद झाला होता का मी दोन कप चहा पेलो, मी चहा पेत नाई तरी.

तो अकरावा विषयही मी आदल्या दिवशीच मंजूर म्हनून लिहून ठेवला होता, आन त्याचा अनुमोदक पाळीनं आला होता दादासाहेब. दादासाहेब मंजे मेळघाटाकडचे डायरेक्टर. रस्ता तसा, जीपनं येत, दर वेळी उशीर होये, मीटिंग संपता संपता येत, हजेरी बुकात सही करत, बिनसाखरेचा चहा पेत. कोनाले त्यात काई वाटत नसे. म्हनून त्या दिवशी त्याईची खुर्ची खाली होती तरी मी काई पायलं नाई. अध्यक्षानं सही केली, सारे गेले, आन मंग फोन आला का दादासाहेब सकाळीच गेले, जीपमधी बसाच्या आधीच छातीत कळ आली. तिकडं फोन लागत नाई लवकर, म्हनून निरोपाले दुपार झाली.

मी काय केलं? हार आनाले मानूस धाडला. दुसऱ्या दिवशी कचेरीले सुट्टी का नाई ते साहेबाले विचारलं. पुढच्या मीटिंगचा पहिला विषय शोकप्रस्तावाचा लिहिला, अमुक तारखेले सकाळी दुःखद निधन, हा ठरलेला नमुनाच हाये, तारीख आन वेळ लिहाचीच असते. आन चार पानं मांगं त्याच तारखेले दुपारी त्याच मानसानं कमलबाईच्या ठरावाले अनुमोदन देलं होतं. दोन्ही माह्याच हातचं, एकाच शाईत. मले दिसलं नाई. इतके वर्षं लिहून लिहून मानसाले वाचता येत नाई, असं होते.

ठराव सहकार खात्याच्या मंजुरीले गेला, खात्याच्या साहेबानं बुक मागवलं, पानं चाळले. मले बोलावून ते दोन पानं समोर ठेवले आन दोन्हीवरच्या तारखेवर बोट ठेवलं. मंग लिहिलं, ठराव क्रमांक अकरा ग्राह्य धरता येत नाई, पुन्हा सभेपुढं ठेवावा. ठेवला असता जी, पन तोवर बोर्डाची मुदत संपली, इलेक्शन कोर्टात अडकलं, प्रशासक बसला. मी त्याच्याकडं तीनदा गेलो. मानूस चांगला होता, म्हने इंगोले, मी रोजचं काम चालवाले हावो, कोनाले कायम करनं माह्या हातात नाई. दोन वर्षं बोर्ड आलं नाई. त्यात कमलबाईले अठ्ठावन पूर्न झाले. एका शनिवारी तिनं सुट्या कागदावर सही केली, अंगठा नाई, सही, आन फडकं वाळत टाकून घरी गेली. तिले सांगन्यात आलं का वरून झालं नाई. कोनाच्यानं झालं नाई ते मी सांगितलं नाई.

मी रिटायर झालो, बायको आधीच गेली होती, पोरगी म्हने अकोल्याले या, आलो. इथं बरं हाये. पन ते दोन पानं मले दिसत राहत. जेवताना दिसत. मांगच्या वर्षी एक दिवस एसटीत बसलो आन अमरावतीले तिच्या घरी गेलो. सारं सांगितलं, पुठ्ठा, पाळी, आदल्या दिवशी लिहनं. ते चहा ठेवून रायली होती, पाठमोरी. म्हने मले मालूम हाये भाऊ. दादासाहेबाचा बिनसाखरेचा कप मीच त्याईच्या खुर्चीपुढं ठेवला होता आन मीच तसाच भरलेला उचलला, मंग ठराव काहून फिरला ते आफिसात बोलले तवा मले समजलं, का तुमी न पाहता लिहिलं. मी म्हटलं, मंग बोलली काहून नाई? म्हने तक्रार करून तुमचं नाव घेतलं असतं तर तुमची पेन्शन अडकली असती, माह्या एका सहीसाठी तुमच्या घरात कायले इस्तव टाकू. मंग म्हने, राग येते मले तुमचा. अजून येते. पन रोज नाई येत.

मी रडलो. लिहा, लाजाचं काय त्यात.

तिच्या मोहल्ल्यात बायाईचा बचत गट हाये, बारा जनी, कमलबाई अध्यक्ष. त्याईले प्रोसिडिंग लिहाले मानूस पाहिजे होता. निघताना म्हने, अक्षर चांगलं हाये तुमचं, महिन्याच्या पहिल्या मंगळवारी येत जा, भाड्याचं मी देनार नाई. तवापासून जातो. विषयही तसेच असतात, बैठक कोनाच्या अंगनात, सतरंजी कोनाच्या घरी ठेवाची. पन मी आधी काईच लिहत नाई. बाया येऊन बसल्या का एकएकीचं तोंड पाहून मोजतो, सूचक कोन, विचारतो, अनुमोदक कोन, विचारतो, जे हात वर करन तिचंच नाव. एखादी म्हनते, टाका ना काका कोनाचंबी, स्वयंपाक पडला. मी म्हनतो पडू दे. सारं झालं का मी वाचून दाखवतो, मंग कमलबाई चष्मा लावते आन खाली सही करते, हळू, एकेक अक्षर, अध्यक्ष म्हनून.

बस, एवढंच हाये माहं. तुमी इतकं बसून आयकलं, तुमच्या घरी सारे सुखात राहोत. आन हे जे लिहून रायले तुमी, ते जाच्या आधी मले वाचून दाखवा. मंगच खाली माहं नाव टाका.